गोधडीवरचे संवाद

"श्वास जरा बेताने घे, शशी. कागद हलतोय."

मनोहरबापू हे म्हणाले तेव्हा मी स्टुडिओतल्या खाटेवर उताणी पडले होते. अंगावर जाडजूड गोधडी, आणि गोधडीवर गळ्यापासून गुडघ्यांपर्यंत टाचण्यांनी टोचलेले कागद. कागदांवर काळ्या शाईत, बोरांएवढ्या अक्षरांत बापूंचे संवाद. 'आई, मी करंटा निघालो' माझ्या छातीवर, 'या शहराने मला गिळलं' पोटावर, आणि ज्या वाक्याला ते ढसाढसा रडणार होते ते माझ्या गुडघ्यांवर. बापू खाटेच्या कडेला बसून माझ्याकडे बघत होते. माझ्याकडे म्हणजे गोधडीकडे.

"बेताने म्हणजे किती?" मी विचारलं. "मी आजारी आईचं काम करतेय की मढ्याचं?"

"शेवटी मरायचंच आहे की तुला," बापू म्हणाले आणि हसले. मग बाकीचेही हसले. बापू हसले की सगळ्यांनी हसायचं, ही रीत सिनेमातून टीव्हीत आपोआप आली होती.

टीव्ही तेव्हा आपल्याकडे नुकता कुठे आला होता. ज्याच्या घरी असेल त्याच्याकडे संध्याकाळी सगळी चाळ जमायची, चपलांचा ढीग पडायचा. आमचं नाटक थेट जाणार होतं. इकडे आम्ही बोलणार आणि त्याच क्षणी तिकडे लोक बघणार. चुकलं तर चुकलं, 'परत घेऊ' म्हणायची सोय नाही. आम्ही सिनेमावाले त्या 'परत घेऊ'वर वाढलेले. बापूंचं तर सगळं आयुष्य त्यावर उभं होतं.

आमची जोडी तुमच्या आईवडिलांना विचारा. शशिप्रभा आणि मनोहर शिर्के. कोल्हापुरात आमच्या फिल्म कंपनीचं चित्र लागलं की बैलगाड्या सोडून लोक तंबूत बसत. पुढे माझी चाळिशी जवळ आली तशी माझी कामं आटली. बापू माझ्याहून बारा वर्षांनी मोठे, ते मात्र कलप लावून नायकाचे नायकच राहिले. नटाचं वय वाढत नाही, नटीचं दोघांचं मिळून वाढतं. आणि म्हणून या नाटकात मी बापूंची आई होते. गावात एकटी पडलेली, अंथरुणाला खिळलेली म्हातारी. वीस वर्षांनी तोंड दाखवायला आलेला तिचा मुलगा म्हणजे बापू. पांढरा टोप मला आणि भांगात तेल त्यांना!

तरी मी हो म्हटलं होतं. भूक मोठी वाईट. पण नुसत्या भुकेपायी म्हटलं नव्हतं. नाटकाच्या शेवटी त्या म्हातारीचं एक बोलणं होतं. मुलाने पोटभर रडून घेतल्यावर ती त्याला विचारते, की तू इतकी वर्षं आला नाहीस ते राहू दे, पण मी इथं जिवंत होते हे तरी तुझ्या ध्यानात होतं का? ते वाचलं आणि तिथंच मी हो म्हटलं. नाटकाचा निर्माता टिपणीस, कॉलेजातून नुकताच सुटल्यासारखा दिसणारा चष्मेवाला तरुण. त्याला मी एकच अट घातली होती.

"हे बोलणं होईल तेव्हा कॅमेरा माझ्या तोंडावर हवा. दुसरं मला काही नको."

"अहो शशीताई, सांगायला हवं का? दोन नंबरचा कॅमेरा तेवढ्यासाठीच ठेवलाय," टिपणीस म्हणाला होता.

हे मागणं कुणाला वेडेपणाचं वाटेल. नटीचं तोंड दाखवायचं नाही तर काय दाखवायचं? पण माझं ऐका. बापूंना संवाद पाठ होत नसत. कधीच झाले नाहीत. कंपनीत त्याच्यावर एक तोड काढली होती. माझ्या डाव्या खांद्यामागे एका बांबूला पाटी टांगायची, पाटीवर खडूने संवाद लिहायचे आणि बापूंनी माझ्या खांद्यावरून पाटीकडे बघत बोलायचं. पाटी चित्रात दिसता कामा नये, म्हणून कॅमेरा तिच्या बाजूला, म्हणजे माझ्या पाठीमागे. मी हलले तर पाटी झाकली जायची, म्हणून मी हलायचं नाही. झालं! सगळी मोठी मोठी दृश्यं अशी निघाली. वर्तमानपत्रांनी लिहिलं, 'मनोहर शिर्के यांच्या नजरेतली ती दूरवरची व्याकुळता!' ती व्याकुळता पुढची ओळ शोधण्याची होती. माझ्याबद्दल लिहिलं, 'शशिप्रभा यांनी साथ बरी दिली आहे.' दुसरं काय लिहिणार? महाराष्ट्राने माझा अंबाडाच जास्त पाहिला.

तालमींना बापू हातात कागद घेऊन बोलत. "प्रक्षेपणाच्या दिवशी सगळं तोंडपाठ असेल," असं सांगत. आणि त्या दिवशी दुपारी ते टाचण्यांची डबी घेऊन आले. आता खाटेजवळच्या बाजूने चित्र घ्यावं तर गोधडीवरचे कागद दिसणार. म्हणून कॅमेरा हलला. माझ्या उशामागे गेला, म्हणजे कागद उशीच्या आड. त्यातून बापूंचा चेहरा दिसणार, आणि माझा टोप.

मी खाटेवरून उठले आणि टिपणीसला बाजूला घेतलं.

"माझ्या बोलण्याचं काय?"

तो चष्मा पुसत राहिला. "शशीताई, ते म्हणतायत कागद नसतील तर मी घरी जातो. ते गेले तर आज संध्याकाळी लोकांना काय दाखवू? फुलदाणी?"

"माझ्या बोलण्याचं काय, विचारलं मी."

"तुमचा आवाज जाईल ना. तुमचा आवाज इतका—"

"मग रेडिओवर गेले असते मी. इथं टोप घालून कशाला आले असते?"

वाईट नव्हता पोरगा. पण भिडस्त माणूस हा दुष्ट माणसाइतकाच नडतो, हे मला तोवर पुरतं कळलेलं होतं.

मग मी बापूंकडे गेले. ते खुर्चीत चहा पीत होते.

"बापू, तेवढं एक बोलणं सोडा. तिथं तुम्हाला वाक्यच नाही. तेवढ्यापुरते कागद काढा आणि कॅमेरा माझ्यावर येऊ द्या."

"मधेच कागद कोण काढणार? थेट चाललंय ते."

"मी काढते."

"शशी," बापू समजावणीच्या सुरात म्हणाले, "लोक मला बघायला बसणार आहेत. तू इतकी वर्षं कधी तक्रार केली नाहीस. म्हातारपणी काय हे?"

म्हातारपणी! तळपायाची आग मस्तकात गेली. पण मी तिथून निघाले. बोलून झालं होतं. दोन्हीकडे नीट, माणसासारखं बोलून झालं होतं, हे लक्षात ठेवा. नंतर लोक म्हणाले की शशिप्रभाने दगा दिला. दगा सांगून देत नाहीत.

रंगायच्या खोलीत फिलोमिना माझी वाट बघत होती. सिनेमापासून माझे केस आणि रंग तीच करायची. मूळची गोव्याची, मुंबईत मुरलेली, आणि तोंडाने फाटकी.

"तुझ्या तोंडाला रंग कशाला लावू मी, शशीबाय?" ती म्हणाली. "ऐकलं सगळं. दिसणार नाय तर एवढी मेहनत कशाला? टोप घालते आणि सोडते तुला."

"लाव," मी म्हटलं. "सुरकुती न् सुरकुती काढ. डोळ्यांखाली काळं कर. ओठ कोरडे दिसू देत."

तिने आरशातून माझ्याकडे पाहिलं. "काय करणार हाय तू?"

"काही नाही. म्हातारीचं काम करणार आहे."

"बाय, मला तुझा चेहरा माहीत हाय. तू काय तरी करणार." आणि तिने ब्रश उचलला. इतका जीव लावून तिने मला कधी रंगवलं नव्हतं.

खरं सांगते, तोवर माझं काही ठरलं नव्हतं. काम गेलं तर पुढे काय, हे भय होतंच. टीव्ही हे एकच नवं दार उघडलेलं होतं आणि काही केलं तर तेही माझ्याच हाताने बंद होणार होतं. मी दोनदा मनाशी म्हटलं, जाऊ दे, द्वारके, पड गप. द्वारका हे माझं घरचं नाव. आणि मग मी सेटवर जाऊन खाटेवर पडले, अंगावर गोधडी आली, टाचण्या पुन्हा टोचल्या गेल्या. एक टाचणी गोधडीतून आरपार माझ्या बरगडीला लागली.

"ओय!" मी म्हटलं.

"हलू नकोस," बापू म्हणाले.

तेवढ्यात नाटक सुरू झालं.

पहिला भाग शेजारणीचा आणि वैद्याचा होता, तो झाला. बापू दारातून आले. टाळ्या नव्हत्या, बिचारे क्षणभर थांबले. मग खाटेवर बसले आणि वाचायला लागले. काय वाचलं म्हणता! आवाज तर त्यांच्याकडे सोन्याचा होता. छातीवरचं झालं, पोटावर आले. कॅमेऱ्यावर लाल दिवा पेटला की चित्र त्या कॅमेऱ्यातून चाललंय असं समजायचं. माझ्या उशामागच्या कॅमेऱ्याचा दिवा पेटलेला होता. तिरपं बघितलं की त्याचा लालसर उजेड बापूंच्या गालावर दिसायचा. दोन नंबरचा कॅमेरा बाजूला, ओट्यावरच्या मांजरासारखा, नुसता बसून होता.

"आई, या शहराने मला गिळलं," बापू माझ्या पोटाला म्हणाले.

मी वर त्यांच्या तोंडाकडे बघत होते. त्यांचे डोळे माझ्या पोटावरून मांड्यांकडे सरकले, तिथून गुडघ्यांकडे. घरी बायका तांदूळ निवडताना बघतात, तसे बघत होते. आणि मला वाटलं, मी इथं मेले तरी या माणसाला ओळ संपेपर्यंत कळणार नाही.

"काय उकडतंय बाई," मी म्हटलं, आणि गोधडी फेकून दिली.

नुसती सारली नाही. फेकली. ती खाटेपलीकडे कागदांसकट पालथी पडली. मी उठून बसले, पाय खाली सोडले आणि बापूंच्या समोर, अगदी समोर तोंड केलं.

काचेमागे, कुठल्या कॅमेऱ्याचं चित्र जाऊ द्यायचं ते ठरवत, टिपणीस बसला होता. त्याला काय वाटलं असेल ते त्याचं त्याला ठाऊक. पण उशामागच्या कॅमेऱ्याचा उजेड विझला आणि दोन नंबरचा दिवा लागला. तो माझ्यावर होता.

बापूंचं तोंड उघडं राहिलं. पुढची ओळ जमिनीवर पालथी पडली होती. त्यांनी गोधडीकडे पाहिलं, छताकडे पाहिलं, शेवटी कुठेच काही सापडेना तेव्हा माझ्याकडे पाहिलं. डोळ्यांत.

"बोल की," मी म्हटलं. "वीस वर्षांनी आलायस. आता का वाचा बसली?"

बापूंची नजर पुन्हा पालथ्या गोधडीकडे गेली.

"न्हाई बोलवत? मग मी सांगते तू काय म्हणणार ते." मला त्यांचे सगळे संवाद पाठ होते. मला नेहमीच असत. "तू म्हणणार, आई, मी करंटा. तू म्हणणार, कामं होती, माणसं होती, सवड न्हवती. सगळं घोकून आलायस तू. गाडीत बसून घोकलं असशील. पण माझ्याकडं बघून एक तरी शब्द बोललास का रे, दारातनं आल्यापासनं?"

हे नाटकात नव्हतं. पण तिथून नाटकातलं बोलणं सुरू होत होतं आणि मी ते धरलं. तू आला नाहीस ते राहू दे, बाबा. मी इथं जिवंत होते हे तरी तुझ्या ध्यानात होतं का? मी ते मोठ्याने म्हटलं नाही. रडलेही नाही. सरळ विचारलं, जसं बाजारात एखाद्याला अडवून विचारावं.

बापूंच्या डोळ्यांतून पाणी आलं. ग्लिसरीनची बाटली बाहेर राहिली होती, म्हणजे ते पाणी त्यांचंच. आणि ते एकच शब्द बोलले, जो कुठल्याच कागदावर नव्हता.

"चुकलो."

मी त्यांच्या डोक्यावर हात ठेवला. इशारे करणारा माणूस कॅमेऱ्याखालून गळ्यावर आडवा हात फिरवत होता. म्हणजे वेळ संपली, आटपा. मला वाटलं, तो मला मरायची आठवण करून देतोय. पण मला काही मरावंसं वाटेना.

"ऊठ," मी म्हटलं. "तोंड धू. चुलीवर भाकरी हाय, ती खा. मी अजून मरत न्हाई."

दोन नंबरचा लाल दिवा विझेपर्यंत मी तशीच बसून राहिले, ताठ, तोंड उजेडात ठेवून.

पुढचं सांगायचं तर सेटवरच्या लोकांनी बाजूला होऊन मला वाट दिली. मी रंगायच्या खोलीत आले. फिलोमिनाने मला मिठी मारली, रंग तिच्या झग्याला लागला तरी. आणि मागोमाग दार आपटून बापू आत आले. फिलोमिना त्यांना बघून बाहेर गेली.

"सगळ्या लोकांसमोर मला नागडं केलंस तू!"

"गोधडी माझ्या अंगावरची होती, बापू. तुमच्या नव्हे."

"जीभ चालवू नकोस. तुला कुणी उभं केलं? कुणी हिरॉईन केलं? मनोहर शिर्केबरोबर काम करते म्हणून तुला लोक ओळखायला लागले!"

"पाठमोरी ओळखायला लागले."

ते तरातरा येरझाऱ्या घालत होते, ते थांबले. खुर्चीवर बसले. बसल्यावर एकदम म्हातारे दिसायला लागले, कलप असून.

"मला पाठ होत नाही, शशी," ते खालच्या आवाजात म्हणाले. "दिवा लागला की सगळं पुसून जातं. पहिल्यापासून. मी कुणाला सांगू शकत होतो का हे? माझ्याकडे दुसरा मार्ग नव्हता."

मला दया आली. का येऊ नये? इतकी वर्षं ज्याच्या समोर उभी राहिले त्याचं भय मला दिसत नव्हतं असं थोडंच होतं? पण दया आली की बाईने दोन पावलं मागे सरायचं, ही सवय आम्हाला कुणी लावली कोण जाणे. मी सरले नाही.

"तुमचं दुखणं तुमचं, बापू. पण त्याचं औषध माझ्या पाठीवर का लावलंत?"

आणि मग मी त्यांना ते सांगितलं, जे आजवर कुणालाच सांगितलं नव्हतं.

"आपलं पहिलं चित्र आठवतं? गच्चीवरचा प्रसंग. तुम्ही मला म्हणता, तुझ्यावाचून मला या जगात काही दिसत नाही."

"आठवतं."

"सतरा वर्षांची होते मी. साळोख्यांची द्वारका. आयुष्यात माझ्याशी असं कुणी बोललं नव्हतं. तुम्ही ज्या डोळ्यांनी ते म्हणालात ना, बापू, ते डोळे मनातून जाईनात. घरी गेले, जेवले नाही. आईला म्हटलं, आई, तो माणूस खरं बोलत होता गं, सिनेमातलं नव्हतं ते. तिने कानाखाली दिली तरी मी म्हणत होते, खरं होतं. दुसऱ्या दिवशी तोच प्रसंग पुन्हा घ्यायचा होता. मी आदल्या रात्री धुतलेलं लुगडं नेसून आले. तुम्ही पुन्हा तसेच बघायला लागलात. मला इतका आनंद झाला की तो सोसवेना, म्हणून मी तोंड फिरवलं. लाजून हो. आणि मागे पाटी होती. खडूने लिहिलेलं, 'तुझ्यावाचून मला या जगात काही दिसत नाही.'"

बापू माझ्याकडे बघत होते. आता मात्र माझ्याकडेच.

"दिग्दर्शक ओरडले, 'ए पोरी, हलू नको!' आणि मी हलले नाही. तेव्हापासून आज संध्याकाळपर्यंत हलले नाही."

बाहेर कुणीतरी दिवे उतरवत होतं, लोखंडाचा आवाज येत होता.

"मला माहीतच नव्हतं," बापू म्हणाले.

"कसं असेल?"

"आज बघितलं ना मी? शेवटी बघितलंच ना?"

"तुम्ही नाही बघितलं," मी म्हटलं. "मी बघायला लावलं."

त्यावर ते काही बोलणार, तोच टिपणीस दार ढकलून आत आला. घामाघूम. चष्मा हातात. मला वाटलं, आता हा मला सांगणार की उद्यापासून येऊ नका. मी मान वर केली. म्हटलं, सांगू दे. ऐकून घेऊ.

"शशीताई, फोन थांबत नाहीयेत," तो म्हणाला. "दादरहून, गिरगावातून, पार्ल्याहून. केंद्राचे मोठे साहेबसुद्धा मला बोलले. उद्या मला जाब द्यावा लागणार तो लागणारच. पण लोक सगळे एकच विचारतायत—" तो अडखळला. त्याने बापूंकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"काय विचारतायत?"

"विचारतायत, त्या म्हातारीचं काम केलं ती बाई कोण? म्हणतायत, हिला कधी पाहिलं नाही. कुणी नवीन आहे का?"

बापूंनी मान खाली घातली. मला हसू आलं, आणि हसता हसता फिलोमिनाने काढलेल्या सगळ्या सुरकुत्यांतून पाणी वाहायला लागलं. मी ते पुसलं नाही.

"काय सांगू त्यांना?" टिपणीसने विचारलं.

"सांगा, हो, नवीन आहे," मी म्हटलं. "आणि म्हणावं, काम करायला तयार आहे."